घरी आहेत म्हणून सांगितलं

ता. ९ मार्च
रविवार, दुपार

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि पेन थांबलं. तो द्यायचा हक्क माझ्याकडे उरलाय की नाही ते तू ठरव. तोवर नुसती खुशाली. मी बरी आहे. नाक आणि हात उन्हाने भाजलेत. तुझेही भाजले असतील, खाजवू नकोस.

सकाळी मी आधी उठायचे. एका शेगडीवर आंघोळीचं पाणी, दुसरीवर चहा. ह्यांचा निळा शर्ट खुर्चीच्या पाठीवर असायचा. त्याच्या बाहीवरच्या ग्रीसच्या डागावर मी रोज साबण चोळायचे. डाग कधी निघाला नाही, तरी चोळायचे. डबा लिफ्ट-दुरुस्तीच्या हत्यारांच्या पिशवीत उभाच ठेवावा लागे, आडवा ठेवला की भाजीचं पाणी पान्यांवर सांडायचं आणि मग संध्याकाळी ते पाने एकेक करून पुसत बसायचे, तोंडातून शब्द न काढता. आंघोळ करून आले की बसायचे, कप उचलायचे. संपला की कप बशीवर जरा जोरात ठेवायचे. म्हणजे अजून हवा. मी ओतायचे. मग बूट, मग चौकटीला हात, मग दार. दार लागल्याचा आवाज आला की मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसायचे, शिवणाचं दुकान उघडायची वेळ होईपर्यंत.

अशी एक सकाळ. बाकीच्याही अशाच.

हे तुला लिहितेय कारण काल बसमधून उतरताना तू एवढंच विचारलंस, "दादा चहा कधीपासून करायला लागला?" आणि उत्तराला न थांबता उतरलीस. त्याचं उत्तर हे आहे. चहा त्यांनी कधीच केला नाही. एकदा मी तापाने फणफणले होते तेव्हा खालच्या टपरीवरून कागदी कपात आणून दिला होता, तो धरायला नको.

सकाळपासून फोन लावतेय, तू उचलत नाहीस. ते बरंच आहे. उचललास तर मी रडून मोकळी होईन आणि सांगायचं ते राहून जाईल. लिहिताना रडलं तर कागद भिजतो, म्हणून माणूस जरा सावरून लिहितो.

तुला कालचा दिवस माहीत आहे. तरी मी पहिल्यापासून लिहिणार आहे. थोडा भाग तू पाण्यात लांब असताना घडला, तो तुला ठाऊक नाही. आणि बाकीचा मला एकदा ओळीने लावून बघायचा आहे, की माझं पाऊल नक्की कुठे घसरलं.

धक्क्यावर आपण बूट काढून त्या टोपलीत टाकले तेव्हा सगळं ठीक होतं. आठ माणसांची ती पांढरी नौका, अनवाणी वावरायचं, हे सगळं तू किती दिवस आधीपासून मला सांगत होतीस. "वहिनी, वर्षभर तू दुकान आणि घर सोडून कुठे गेली नाहीस. गुहा बघू, पाण्यात डुंबू, संध्याकाळी परत." मी नको नको म्हणत होते आणि मनातून हवं होतं. पोहायचा पोशाख विकत घ्यायची मला लाज वाटली म्हणून मी दुकानातल्या अस्तराच्या कापडाचा स्वतःच शिवला, कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्याखाली घेर. तू बघितलास आणि म्हणालीस, "हा पोशाख आहे की तंबू?"

कप्तानाच्या बायकोने विचारलं, "दोघी मैत्रिणी का?" आणि तू लगेच म्हणालीस, "हो, जुन्या." मग माझ्या कानाशी, "नणंद-भावजय सांगितलं तर कोण कुणाला आधी ढकलते यावर हे लोक पैज लावतील." मी किती हसले. वर्षात पहिल्यांदा पोट दुखेपर्यंत हसले असेन. ते तुझं बोलणं निव्वळ गंमतीचं होतं, हे आधी लिहून ठेवते. पुढे जे झालं त्यात त्या गमतीचा काही दोष नाही. मी तिच्या आड लपले, हा माझा दोष.

पहिल्या खाडीत नांगर टाकला तेव्हा तू शिडीही न घेता सूर मारलास आणि पार त्या दगडापर्यंत गेलीस. मी शिडीने उतरले. माझा तंबू हवेने फुगला आणि मी बाटलीसारखी वर तरंगायला लागले. ते नवीन लग्न झालेलं जोडपं होतं ना, त्यातली ती मुलगी, चष्म्याच्या दुकानात काम करणारी, तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "काकू, घाबरू नका, तुम्ही बुडायचं म्हटलं तरी बुडणार नाही." मी हसत होते. पाणी असं स्वच्छ की आपलेच पाय खाली परक्या बाईचे वाटावेत. उन्हाची जाळी सगळ्या अंगावर हलत होती. मला बरं वाटत होतं, भिंगरी. अगदी निखळ बरं. आणि त्या बऱ्या वाटण्यात तिने विचारलं, "काका नाही आले?"

मी म्हणाले, "नाही गं. त्यांना पाण्याचं वावडं. घरी आहेत."

कसं आलं तोंडात, देवाला माहीत. "वारले" म्हटलं असतं तर तिने हात सोडले नसते, पण तिचा चेहरा बदलला असता. तो चेहरा मी वर्षभर बघतेय. दुकानात, दळणाला, जिन्यात. माणसं मान जराशी तिरकी करतात. मला तेवढा एक दिवस सरळ मानेची माणसं हवी होती. इथवर तू मला समजून घेशील असं मला वाटतं. इथवर.

पण हे इथवर राहिलं नाही.

जेवायला सगळे वर बसलो. पाव, भाजलेला मासा, कापलेलं फळ. तू केस पिळत येऊन बसलीस आणि ताट घेतलंस. आणि ती मुलगी सगळ्यांना सांगायला लागली, "काकूंच्या मिस्टरांना पाण्याचं वावडं, ते बिचारे घरी वाट बघत बसलेत." तू माझ्याकडे बघितलंस. घास तोंडाशीच राहिला तुझा. त्या क्षणी मी म्हणू शकले असते, "अगं, चुकून बोलून गेले." कुणी काही म्हटलं नसतं. तू तर नाहीच नाही.

मी काय केलं? मी तुझ्याकडे बघायचं टाळलं आणि त्यांची वर्णनं सुरू केली.

सकाळी मी अंथरुणात असतानाच चहा करून आणतात म्हटलं, दूध जास्त, साखर जास्त, पण प्रेमाने. माझ्या डोळ्यांना पाणी येतं म्हणून संध्याकाळी मला पुस्तक वाचून दाखवतात म्हटलं, ओळीखाली बोट धरून, अडखळत, पण वाचतात. पाऊस असला की दुकानाच्या दाराशी छत्री घेऊन उभे असतात, हाक मारत नाहीत, नुसते उभे. ते दातांचे डॉक्टर होते ना, त्यांची बायको नवऱ्याला म्हणाली, "ऐका, जरा शिका." डॉक्टर म्हणाले, "माझा चहा एकदा प्यायलीस तेव्हा म्हणालीस, पेशंटना द्या, भुलीचं इंजेक्शन वाचेल." सगळे हसले. मीही. तू ताटातलं संपवलं नाहीस आणि पुढे जाऊन बसलीस.

कुठून सुचलं मला ते सगळं, कोण जाणे. इतकी वर्षं काय काय वाचलंय, त्यातलंच असेल काहीतरी. वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात बरीच अडगळ साठते.

आता गुहेचं. ते लिहायला मला नकोसं होतंय, म्हणून झटकन लिहिते.

छोट्या होडीतून कप्तान आपल्याला आत घेऊन गेला. इंजिन बंद केलं, वल्ह्यांनी सरकत गेलो. वर छत इतकं खाली की डॉक्टरांना वाकावं लागलं, आणि खालून निळा उजेड, जणू दिवा पाण्याच्या तळाशी ठेवलाय. कप्तान म्हणाला, इथे आवाज उशिरा परत येतो. ज्याला बरोबर आणता आलं नाही त्याला हाक मारा. त्या मुलीने "आई" म्हटलं. डॉक्टरांनी आपल्या कुत्र्याला हाक मारली आणि कुत्र्याचं नाव आतून खणखणत परत आलं तेव्हा सगळी होडी हसण्याने हलली. मग सगळे माझ्या मागे लागले, "काकू, आता काकांना." मी म्हणाले, "इश्श, मला लाज वाटते." त्यांना ते फार गोड वाटलं.

आणि तू पुढच्या फळीवर माझ्याकडे पाठ करून बसली होतीस. तू हाक मारलीस. "दादा."

नुसतं तेवढंच. ओरडलीही नाहीस. शाळेतून घरी आल्यावर दाराबाहेरून मारावी तशी. ती परत यायला खरंच वेळ लागला.

"कोण दादा?" कुणीतरी विचारलं. तू म्हणालीस, "माझा मोठा भाऊ. गेला तो. वर्ष होत आलं."

वल्ही थांबली. त्या मुलीने तुझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि डॉक्टरांच्या बायकोने माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही ओळखत असाल ना त्यांना? इतक्या जुन्या मैत्रिणी तुम्ही."

मी म्हणाले, "हो. थोडंफार."

मग सगळे माझ्याकडेच बघत होते, मैत्रीण म्हणून मी काहीतरी करीन असं त्यांना वाटत होतं. मी हात पुढे केला, तुझ्या ओल्या पाठीवर ठेवला आणि म्हणाले, "फार वाईट झालं."

तू म्हणालीस, "थँक्यू."

ज्या माणसाच्या जाण्याने माझ्या कपाळी हे विधवापण आलं, त्याच माणसाच्या मरणाचं सांत्वन मी तुझ्याजवळ परक्यासारखं केलं. आणि तू ते घेतलंस. तुझ्या एका वाक्यात मी सगळ्यांसमोर उघडी पडले असते. ते वाक्य तू बोलली नाहीस. माझी लाज राखलीस आणि त्यापायी तुझ्या दादाची बहीण एकटी पडली, भावजय शेजारी असून.

दुसऱ्या खाडीत तू पाण्यात उतरली नाहीस. दिवसभरात तू मला एकदाही वहिनी म्हणाली नाहीस. आधी गंमत म्हणून आणि नंतर, मला वाटतं, तोंडात येईना म्हणून.

निघताना कप्तानाच्या बायकोने काकांसाठी म्हणून मासा आणि फळं डब्यात भरून दिली. मी तेही घेतलं.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते फार स्वस्त होईल. फक्त एवढं ध्यानात घे की आम्हाला मूल नाही, माझ्या माहेरी कुणी उरलं नाही, आणि तुझ्या दादाबद्दल बोलायला मला या जगात तू एकटीच आहेस. तू बोलायची थांबलीस तर ते दुसऱ्यांदा जातील. ओघात बोलून गेले गं. वर्षभर तोंड शिवून बसलेल्या बाईचं तोंड सुटलं, एवढंच समज.

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

तुझी,
वहिनी


ता. २३ मार्च
रविवार, सकाळ

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र बुधवारी आलं. खुशाली नाही, मायना नाही. मी दोन ओळी चालतील म्हटलं होतं, तू दोनच लिहिल्यास.

"पुस्तकातलं नव्हतं ते, वहिनी. कुठलं होतं ते तुला माहीत आहे."

वाचलं, घडी घातली आणि एका गिऱ्हाइकाची पँट इतकी आखूड केली की त्याला ती भावाच्या मुलाला द्यावी लागेल. तो म्हणाला, "ताई, मी उंच व्हायला आलो होतो का?" काय सांगणार त्याला.

हो. माहीत आहे. बोटीवर बोलत होते तेव्हाही माहीत होतं. पहिल्या पत्रात अडगळ वगैरे लिहिलं ते खोटं होतं. खोट्याची माफी मागणाऱ्या पत्रातही मी खोटंच लिहिलं.

ते सगळं तुझं होतं.

जास्त दुधाचा, जास्त साखरेचा चहा तो तुझ्या परीक्षेच्या सकाळी करायचा. ओळीखाली बोट ठेवून तो तुझे धडे वाचायचा, कारण तुमचे आई-वडील गेल्यावर त्याची शाळा सुटली होती आणि तुझी सुटू नये असं त्याने ठरवलं होतं. स्वतः अडखळायचा, पण तुला पुढे ढकलायचा. छत्री घेऊन तो तुझ्या शाळेच्या फाटकाशी उभा राहायचा, कामावरचा निळा शर्ट घालून. हाक मारायचा नाही, कारण मैत्रिणींसमोर तुला त्या ग्रीसच्या हातांची लाज वाटेल असं त्याला वाटायचं. हे सगळं तू मला सांगितलंस ते कधी, आठवतंय? हे गेल्यावर तू माझ्याकडे राहिलीस तेव्हा. माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, मला बरं वाटावं म्हणून.

मला बरं वाटलं नाही, भिंगरी. आता लिहूनच टाकते. तू रडत सांगत होतीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, हा कोण माणूस? हा माझ्या घरी का नाही आला?

माझ्या वाट्याला आला तो कप वाजवणारा. वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी दारू नाही, पगार घरात. लिफ्ट बंद पडली की रात्री-अपरात्री उठून जायचे, कुणी अडकलं असेल तर त्याच्याशी दाराच्या फटीतून बोलत राहायचे म्हणे, धीर देत, तासभर सुद्धा. ते मला त्यांच्याबरोबरच्या मेकॅनिकने सांगितलं, ते गेले त्या दिवशी. अडकलेल्या अनोळखी माणसाशी तासभर. माझ्याशी दिवसात किती, ते मी मोजलं नाही. पुस्तक वाचत बसले की दिवा मालवायचे. रागाने नाही. "उद्या कामाला जायचंय," एवढंच. मी उठून स्वयंपाकघरात जायचे आणि तिथे वाचायचे.

मला वाटतं त्यांनी लहान वयात सगळं बोलणं, सगळं जपणं तुझ्यावर खर्चलं. तुला मोठं केलं, मार्गी लावलं आणि मग थकले. माझ्यापर्यंत आले तेव्हा माणूस कामावरून परत आल्यासारखा आला. बूट काढले, बसला. यात तुझा काय दोष? काहीच नाही. म्हणून तर मला कधी भांडता आलं नाही. दुसरी बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. पण तू! दर सुट्टीला येणार, माझ्यासाठी जुनी पुस्तकं आणणार, "वहिनी, दादाकडे लक्ष देऊ नकोस, तो असाच आहे" म्हणणार. तो असाच नव्हता, हे तुला माहीत होतं. मला ते फार उशिरा कळलं.

तू विचारलं नाहीस, पण विचारशील, की मग मला ते आवडत नव्हते का. आवडत होते गं. मी त्यांची वाट बघत होते. माणूस समोर बसून चहा पीत असताना त्याची वाट बघायची, हे कसं असतं ते मला कुणाला सांगता आलं नाही. वाटायचं, म्हातारपणी बोलतील. निवृत्त झाले की बोलतील. आता ती वाट बघणं सुद्धा संपलं, आणि माझं सगळ्यात जास्त नुकसान तेच झालं. लोक समजतात, मी सोबत गमावली.

म्हणून मी बोटीवर तुझा दादा उचलला आणि माझा नवरा म्हणून लोकांना दाखवला. तुझ्यासमोर, तुझ्या डोळ्यांदेखत. आधी तुझ्याकडून ऐकलेलं, मग तुलाच ऐकवलेलं. वरून, तू हाक मारलीस तेव्हा मी त्याला थोडंफार ओळखते म्हणाले. ते एक वाक्य मात्र त्या दिवसातलं सगळ्यात खरं होतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आता एक बातमी.

गुरुवारी त्या चष्म्याच्या दुकानातल्या मुलीचा फोन आला. नंबर मीच दिला होता, फोटो पाठवते म्हणाली होती म्हणून. "काकू, रविवारी जेवायला या ना दोघं. काकांना बघायचंय आम्हाला. आमच्याकडे रोज त्यांचाच विषय. आता हा सुद्धा सकाळी चहा करायला लागलाय, पाणचट करतो, पण करतो." मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "काकांना सांगा, माझं जगणं मुश्किल केलंत." मी हसले. आणि म्हणाले, "बरं, विचारते त्यांना."

विचारते त्यांना, असं म्हणाले मी. तुझं पत्र समोर पडलेलं असताना.

फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. आतापर्यंत वाटत होतं की तो एक दिवस होता, पाण्यावरचा, तिथेच विरला. तो विरला नव्हता. कुठल्या तरी घरात तुझ्या दादाने चहा चालू केला होता, आणि तो माझ्या नावावर.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं आणि आधी तिच्या दुकानात गेले. ती एका म्हाताऱ्या बाईंना फ्रेम दाखवत होती. मला बघून फुलली. "काका बाहेर आहेत का? बोलवा ना."

मी म्हणाले, "आधी त्यांचं होऊ दे."

त्या बाईंना एकही फ्रेम पसंत पडेना. प्रत्येकीत म्हणे त्या आपल्या सासूसारख्या दिसत होत्या. मी स्टुलावर बसून होते आणि मनात म्हणत होते, आणखी दोन बघा, घाई नाही. शेवटी त्या गेल्या.

मी उभी राहिले आणि सांगितलं. "माझे मिस्टर घरी नाहीत. ते गेले, वर्ष होत आलं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

तिच्या हातात काच पुसायचं फडकं होतं, ते तसंच राहिलं. मान तिरकी झाली तिची. होणारच होती. म्हणाली, "अहो काकू... चालतं हो. होतं माणसाचं असं."

"अजून आहे," मी म्हणाले. "माझ्याबरोबर होती ती मैत्रीण नव्हे. ती त्यांची सख्खी बहीण. माझी नणंद."

तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिने तोंडावर हात घेतला. "म्हणजे गुहेत..."

"हो. तेच ते."

"आणि तुम्ही त्यांना म्हणालात..."

"हो."

तिने स्टूल ओढलं आणि स्वतःच बसली. म्हणाली, "मग ते चहा करणारे, छत्री घेऊन उभे राहणारे? ते कोण होते?"

"तेच. पण बहिणीसाठी. आई-बाप नसलेल्या बहिणीला त्यांनी असं वाढवलं. माझ्यासाठी नाही. माझ्याशी ते फारसं बोलत नसत. लिफ्ट दुरुस्त करायचे, कष्टाळू होते, आणि मला ते हवे होते." हे शेवटचं बोलायचं ठरवलं नव्हतं, आलं तोंडातून.

मग मी तिला म्हणाले की बाकीच्यांनाही कळव. त्यांचा सगळ्यांचा फोटोंसाठी म्हणून एक ग्रुप आहे ना फोनवर, डॉक्टर, त्यांची बायको, कप्तानाची बायको, सगळे आहेत त्यात. ती म्हणाली, "काकू, कशाला? त्यांना काय फरक पडतो?"

"माझ्या नणंदेला पडतो."

तिने लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. "काकूंना त्या दिवशी खरं सांगणं जड गेलं. त्यांचे मिस्टर वारले आहेत." मी म्हणाले, जड गेलं वगैरे काढ. मी खोटं बोलले असंच लिही. आणि नुसते मिस्टर वारले असं नको. लिही की गुहेत ज्यांना हाक मारली तेच ते. चहाचं, पुस्तकाचं, छत्रीचं सगळं त्यांनी बहिणीसाठी केलं होतं, आणि दुःखही तिचं आधी आहे. तिने पुसून पुन्हा लिहिलं. "पाठवू का?" म्हणाली. तिचा अंगठा थांबला होता. मी तिच्या हातावर हात ठेवला नाही, घाईही केली नाही. म्हणाले, "पाठव."

तिने पाठवलं. उत्तरं यायला लागली तशी फोन थरथरायला लागला. मी वाचायला थांबले नाही.

तिथून मी दुकानात गेले, शटर वर केलं, आणि संध्याकाळपर्यंत मशीनवर बसून लोकांचे कपडे त्यांच्या मापाचे केले.

तुझ्या दादाची,
बायको